व्याह्यांच्या यकृतातली वाट

रत्नागिरीहून निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तासभर खल झाला. सौ.ने लोणचं काढलं, पापड काढले, सांडगे काढले, आणि मी एकेक डबा परत फळीवर ठेवायला लावला. ज्यांच्यासाठी न्यायचं, त्या आमच्या व्याह्यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. कोकणातून मिठाशिवायचं काय न्यावं? शेवटी चार नारळ आणि भाजलेले काजू एवढ्यावर पिशवी बांधली.

मारुतराव हे माझ्या मुलीचे सासरे. सोलापूर जिल्ह्यात केमच्या बाजूला, उजनी धरणाच्या पाण्याकाठी त्यांची शेती. दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्ताची उलटी झाली तेव्हा कळलं की यकृत खराब झालंय. पुढे पोटात पाणी भरू लागलं आणि दर पंधरा-वीस दिवसांनी ते सुईने काढावं लागे. आता सोलापूरच्या डॉक्टरांनी एक वेगळा उपाय सुचवला होता. जावई प्रकाश बंगळूरला नोकरीला. माझ्या मुलीला आठवा महिना, तोही अडचणीचा; तिला उठायचीसुद्धा बंदी. "बाबा, यांना मला सोडून जाता येत नाही आणि सासूबाईंना वाचता येत नाही. कागदावर काय लिहिलंय ते समजून सही करायला कुणीतरी हवं," ती फोनवर म्हणाली. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाचायचं काम मला जमण्यासारखं होतं.

एक गोष्ट इथेच कबूल करतो. लग्न ठरवायच्या बैठकीत मारुतरावांच्या डोळ्यांतला पिवळेपणा मी पाहिला होता आणि घरी येऊन सौ.ला म्हणालो होतो, "मुलगा सोन्यासारखा आहे, पण बाप पिणारा दिसतो." आजाराचं नाव कळलं तेव्हा मनात आलं, वाटलंच होतं. हे मी तोंडावर कधी बोललो नव्हतो. निदान माझी तशी समजूत होती.

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलो. डिसेंबरचं कोरडं, पारदर्शक ऊन होतं. भिगवण मागे पडलं आणि डाव्या-उजव्या बाजूला अधूनमधून पाणी लकाकू लागलं. आमच्या समुद्राला लाटा असतात, वास असतो. हे पाणी शेतात येऊन बसल्यासारखं गप्प. बांधावरच्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, आणि काठाने मोटारींचे पाइप ओळीने पाण्यात उतरलेले. समोरच्या बाकावरचे फेटेवाले आजोबा मला बघत होते.

"कुनीकडलं पावनं?"

"रत्नागिरी. केमला उतरायचंय, व्याह्यांकडे."

"इवायाकडं (व्याह्याकडे) व्हय! मग बसा निवांत. उतरायच्या टायमाला मी सांगतो की." आणि सांगितलंच, वर माझी पिशवीही दारापर्यंत आणून दिली.

मारुतराव स्टेशनवर आले नव्हते याचं मला वाईट वाटलं, पण घरी पोचून त्यांना पाहिलं आणि लाजलो. हातपाय काटकुळे झालेले, आणि सदऱ्याखाली पोट घागरीसारखं. तरी माणूस खुर्चीतून उठला, डोक्यावर टोपी ठेवली, मगच हात जोडले. "इवाई, तुमाला लई तरास दिला," म्हणाले. विहीणबाई, म्हणजे हिराबाई, पाणी घेऊन आल्या. जेवायला चिलापीचं (धरणातल्या माशाचं) कालवण होतं. मला वेगळं, झणझणीत. त्यांना वेगळं, बिनमिठाचं. मारुतराव माझ्या ताटाकडे न बघता जेवले. मी कितीदा म्हटलं की मलाही तेच वाढा, पण व्याह्याला अळणी वाढायचं म्हणजे त्या घरात केवढं पाप!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं सोलापूरला गेलो. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला मारुतरावांचं पोट बघून स्वतःच खाली उतरला आणि त्यांना धरून आत बसवलं. "आहिस्ता बैठो चाचा, गड्ढे मैं देखता," म्हणाला आणि खरोखर एकही खड्डा लागू दिला नाही.

हा उपाय करणाऱ्या डॉक्टर पुण्याहून ठरावीक दिवशी येत. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. आतड्यांकडून रक्त घेऊन येणारी मोठी शीर यकृतात शिरते. यकृत कडक झालंय, त्यामुळे रक्ताला आत जायला जागा नाही. मग त्या शिरेतला दाब वाढतो, मागच्या लहान शिरा फुगून फुटतात, पोटात पाणी झिरपतं.

मारुतराव इतका वेळ खाली बघत होते. ते एकदम पुढे वाकले. "म्हंजी धरणाचा फुगवटा. फुडं वाट न्हाय म्हणून पानी मागं आमच्या रानात चढतंय."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाल्या. "पोट फाडायचं नाही. मानेच्या शिरेतून बारीक नळी खाली यकृतात न्यायची, आणि आतल्या आत दोन शिरांमध्ये एक वाट काढायची. ती बुजू नये म्हणून जाळीची नळी बसवायची. रक्त त्या वाटेनं पुढं जाईल, दाब उतरेल."

"आन् बिघडलं तर?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. रक्तस्राव होऊ शकतो. आणि दुसरं म्हणजे, यकृत गाळायचं काम करतं. काही रक्त त्याला वळसा घालून गेलं तर न गाळलेलं विष मेंदूपर्यंत पोचतं. माणूस गोंधळतो, बरळतो, सुस्त होतो. त्यासाठी एक गोड औषध रोज घ्यायचं, पोट दिवसातून दोन-तीनदा साफ व्हायलाच हवं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "दारू कधीपासून बंद आहे?"

हिराबाईंचा चेहरा उतरला. मारुतराव शांतपणे म्हणाले, "चालूच न्हवती, बाई."

डॉक्टरांनी फाईल मागे चाळली. "माफ करा. इथं लिहिलंय. जुन्या काविळीचा विषाणू होता, बहुतेक कधीतरी सुईतून आलेला. गोळ्यांनी तो गेला, पण यकृतावरचे वण राहिले." त्यांनी हात जोडले. मला मात्र कागदावरचं चित्र सोडून कुठे बघावं ते कळेना.

सही करण्याआधी मारुतराव मला म्हणाले, "मरायचं भ्याव न्हाय, इवाई. पर डोकं फिरून तुमच्यासमोर कायबाय बरळलो, तर ध्यानात धरू नका." मी शब्द दिला.

त्यांना आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर आम्ही तीन तास काढले. शेजारी एक पोक्त बाई बसल्या होत्या, मुलाशी तेलुगूत बोलत होत्या. घरी चादरींचे माग, त्यांच्या सासूबाई आत दाखल. हिराबाईंना पदराचं टोक पिळताना पाहून त्यांनी जागा बदलली, आणि हिराबाईंचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. तासाभराने दोघींनी एकमेकींची नावं विचारली.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "वाट निघाली. दाब निम्म्याहून कमी झाला." मारुतरावांच्या मानेवर फक्त एक छोटी पट्टी होती. एवढ्या मोठ्या कामाची बाहेर दिसणारी खूण एवढीच!

दुसऱ्या दिवशी मी खुशीत शहर बघायला निघालो. सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारली, आणि परतताना एका दुकानात शिरलो. सोलापुरात येऊन शेंगाचटणी न घेता जायचं? पण मला हवी होती बिनमिठाची. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मिठाबगैर? ती चटनी न्हाय, नुसतं कूट झालं की!"

मी कारण सांगितलं. त्याने आतून उखळ ओढलं, शेंगदाणे, लसूण, तिखट आणि थोडं जिरं घालून माझ्यासमोर कुटलं, तेल सुटेपर्यंत. "लसूण चढता घातलाय. पावन्याला सांगा, मिठाची याद येनार न्हाय." मी चव बघायला चमचाभर तोंडात टाकली आणि दुकानातलं तांब्याभर पाणी प्यालो. मारुतरावांनी मात्र कडक भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली, डोळे मिटून. गेली दोन वर्षं जेवताना त्यांच्या तोंडावर एवढं समाधान दिसलं नव्हतं, असं हिराबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला एक काम दिलं होतं. रोज मारुतरावांकडून वहीत नाव लिहून घ्यायचं. मेंदूवर परिणाम होऊ लागला तर अक्षर आधी बिघडतं. पहिले दोन दिवस "मारुती" ठसठशीत आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी "मा" झाला आणि पेन्सिल कागदावरून घसरत गेली. मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघून हसत होते, पण बघत होते दुसऱ्याच कुणाकडे.

"आण्णा, कवा आलास?"

आण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. जाऊन दहा वर्षं झालेली. मी हिराबाईंना नर्सकडे पिटाळलं आणि त्यांचा हात धरून बसलो.

"आत्ताच आलो," मी म्हणालो.

"आण्णा, इवाई आल्यात. रत्नागिरीचं. लई चांगला मानूस, पर त्येला वाटतंय मी पितो." ते चोरून सांगावं तसं बोलत होते. "बैठकीलाच त्येच्या डोळ्यांत दिसलं मला. कसं सांगू? पोराच्या लग्नात 'मी पीत न्हाय' म्हणून सांगत फिरू व्हय?"

मी आण्णा होऊन त्यांचा हात थोपटत राहिलो.

वॉर्डातल्या डॉक्टर धावत आल्या, तपासलं, आणि विचारलं, "औषध वेळेवर घेतात ना? पोट साफ होतंय?" मी हो म्हणणार, एवढ्यात हिराबाई रडू लागल्या. "न्हाय वो बाई. त्यांनी मोरीत ओतायला लावलं. सारखं संडासला जायला लागतंय. गुरुजी उशाला बसल्यात, तेच धरून नेत्यात. इवायाला असलं करायला लावायचं म्हंजी मेल्यावानी हुतंय, म्हनले."

म्हणजे मी ज्या मानाने त्यांच्या उशाशी बसलो होतो, तोच मान त्यांच्या जिवावर उठला होता.

औषध दिलं, एनिमा दिला, सलाईन लावलं. त्यानंतर दीड दिवस मी नुसता व्याही राहिलो नाही. चादरी बदलल्या, भांडं दिलं, पुसलं. ते विरोध करण्याच्या अवस्थेत नव्हते, हे दोघांच्याही पथ्यावर पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही मागून घेतली आणि हळूहळू पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"मी काय बोललो का, इवाई?"

न बोलता सुटणं सोपं होतं. तसा शब्दही दिलेला होता. पण मी म्हणालो, "तुम्ही काय बोललात ते मी ध्यानात धरणार नाही. माझं मात्र तुम्ही ऐका. लग्नाच्या आधीपासून मला वाटत होतं की तुम्ही पिता. न विचारता, न पडताळता धरून चाललो. माझी चूक झाली."

त्यांनी वही मिटून उशाशी ठेवली. मग म्हणाले, "तरी पोरगी दिलीत की." आणि थोड्या वेळाने, "मला बी वाटायचं, कोकनातला मानूस, मास्तर, लई शिष्ट असंल. आता काय, तुमी माझं सगळंच बघितलंय." पोटावर हात ठेवून ते असे हसू लागले की नर्स डोकावून गेली. त्या रात्रीपासून औषधाची बाटली मी पुढे केली की ते नाक मुरडत घेत आणि हक्काने सांगत, "चला मास्तर, उठवा मला."

आठवड्याने सुट्टी मिळाली. निघताना डॉक्टरांनी बजावलं की हे नवं यकृत नाही. नळी बुजत नाही ना ते दर काही महिन्यांनी तपासावं लागेल, आणि पुढे कधी यकृत बदलायचा विचारही करावा लागेल. मी ते सगळं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि हिराबाईंना तोंडपाठ करून घेतलं.

केमला मी आणखी दहा दिवस राहिलो. तेवढ्यात बंगळूरहून फोन आला. नात झाली होती, मायलेकी सुखरूप. पोटातलं पाणी ओसरत चाललं होतं. निघायच्या सकाळी मारुतराव म्हणाले, "रानात जाऊन येऊ." मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. बांधावरून सावकाश, मध्ये दोनदा थांबून, ते पार पाण्याच्या काठापर्यंत गेले. समोर नांगरलेली काळी जमीन मोकळी पडली होती. दोन वर्षं त्यांनी तिथे काहीच लावलं नव्हतं. कोण बघणार, म्हणायचे.

"हितं केळी लावतोय. रोपं सांगून ठेवल्यात," ते म्हणाले. "वरीसभर लागतंय घड यायला."

त्या दुपारी गाडीत बसलो. आता घरी आल्यापासून लोक विचारतात, सोलापूरला काय काय पाहिलं? तळं पाहिलं, चादरी पाहिल्या, असं मी सांगतो. खरं सांगायचं तर पासष्टाव्या वर्षी मला एक मित्र मिळाला, तोही नात्यातला. नात्यात माणूस मान देतो आणि मानापलीकडे सहसा जात नाही. आम्हाला तिथे एका आजाराने ढकललं. गाडी हलली तेव्हा फलाटावर मारुतराव खिडकीबरोबर चार पावलं चालले. मी ओरडलो, "धावू नका!"

"धावतोय कुटं?" ते म्हणाले. "चालतोय की!"