टोपीतला कागद

त्र्याण्णव साली मी सांगलीला फ्रेंच घेऊन बी.ए. करत होते आणि आष्ट्यातला जो तो मला विचारायचा, "त्याचा उपयोग काय?"

सकाळच्या एसटीत ऐंशीच्या घरातले एक आजोबा शेजारी बसत. तिकीट टोपीत जपून ठेवत. एकदा त्यांनी माझं पुस्तक कुठल्या भाषेतलं ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टोपीतून पिवळा पडलेला कागद काढला.

"मी पाळण्यात असताना बा लढाईवर फ्रान्सला गेला, परत आला न्हाई. मागनं ह्यो कागूद आला. मास्तर म्हनलं, ही इंग्रजी न्हाई. तवापास्नं पेटीत हाय. वाच, पोरी."

शब्दकोश न उघडता सगळं कळलं, म्हणून क्षणभर मला आनंदच झाला. मग मी सांगितलं, "हा तिकडच्या दवाखान्याचा दाखला आहे. फ्रान्सला गेले त्याच थंडीत ते न्यूमोनियानं वारले."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आई मरस्तवर म्हनायची, त्यो यील, जित्या मानसाचं पान वाढू नगा." त्यांनी कागदाची घडी घालून टोपीत ठेवली. "दर पितरपाटात समद्यांची पानं वाढली गं. बा तेवढा उपाशी ऱ्हायला."