दोन रिंगांनंतर

घरात दोन मोबाइल असले तरी तो करडा, वायरचा फोन प्रमिलाताईंनी कधी काढू दिला नाही. केदार नौदलात वैमानिक झाला तेव्हापासून मायलेकांचं ठरलेलं होतं. उड्डाण आटोपून सुखरूप उतरला, की संध्याकाळी सहानंतर त्याने दोन रिंगा द्यायच्या आणि फोन ठेवायचा. त्यांनी उचलायचा नाही.

प्रमिलाताई तेव्हा किलवणीच्या शाळेत शिकवायच्या. सिल्वासाला घरी परतल्या की पायही न धुता फोनसमोर बसायच्या. कोची, विशाखापट्टणम, गोवा. बदली होईल तिथून दोन रिंगा यायच्या.

तिसरी एकदाच वाजली, सव्वीस वर्षांपूर्वी. पलीकडे अनोळखी अधिकारी होता. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं होतं. केदार खांदा मोडून वाचला; सोबतचा तरुण वैमानिक गेला.

आता केदार रिअर ॲडमिरल होणार होता. सोमवारपासून नवं पद, आणि आज गोव्यात शेवटचं उड्डाण.

"पन्नाशी उलटली, आता कशाला उडतोस?" त्यांनी विचारलं होतं.

"निरोप घ्यायला नको?" तो म्हणाला होता.

सहाला फोन वाजला. एक. दोन. तीन. त्यांनी उचलला. शाळेतली जुनी मैत्रीण रजनी होती. "काय गं, ॲडमिरलच्या आई! पेढे कुठायत?"

"ठेव आधी. लाइन मोकळी हवी."

मग दादऱ्याहून व्याह्यांचा. मग यजमानांच्या, रघुनाथरावांच्या, जुन्या कचेरीतून. प्रत्येक वेळी तिसरी रिंग वाजली.

"लोक कौतुक करतायत, तू काय तोडून बोलतेस?" रघुनाथराव वैतागले.

"उद्या करू दे कौतुक. आज तो वर आहे."

पावणेसात झाले. रघुनाथरावांनी मोबाइलवरून केदारला फोन लावला, बंद. मग तेही फोनसमोर येऊन बसले.

पुन्हा रिंग. एक. दोन. तीन. चार.

पोळ्या करायला येणारी पुतळाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "बाई, उचला ना! कवाचा वाजी राहिना तो."

"हात लावू नकोस."

सातव्या रिंगला त्यांनी स्वतःच उचलला.

"आई? मी गं. उतरलो."

"दोनाच्या पुढे कशाला वाजवलास, मेल्या?"

"मघापासून लाइन एंगेज! म्हटलं, आता उडायचंच नाही, तर बोलून घ्यावं."

"जीव गेला असता माझा." त्या मटकन खुर्चीत बसल्या. "ठेव आता. आणि नेहमीसारख्या दे."

"अगं, पण बोलतोय ना मी!"

"दे म्हटलं ना."

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून पोळी करपल्याचा वास आला, पण पुतळाबाई जागची हलली नाही.

एक. दोन.

तिघंही वाट पाहत राहिली. फोन गप्प होता.

"जा गं," प्रमिलाताई म्हणाल्या, "तवा उतरव."