तार तुटली, चाचा

अनिमेष लहान असताना त्याची आई, माधवीताई, त्याला शाळेतून निजामपुऱ्याच्या गल्लीतून घरी आणायच्या. वाटेत लूमच्या शेडचं दार उघडं दिसलं की स्वारी तिथंच रुतायची. आत सगळे लूम एकदम खडखडत असायचे, आणि हा लूमवरच्या कारागिराच्याही आधी तुटलेला धागा हेरून ओरडायचा, "चाचा, तार तुटली!" चाचा आधी लूम बंद करायचे, कारण तसाच चालू राहिला तर कापड बिघडतं. मग धाग्याला गाठ मारून म्हणायचे, "मॅडम, इसको इधरीच छोड़ के जाओ." माधवीताई त्याच शाळेत शिकवायच्या. शेडपासून घरापर्यंत दोघं हसत यायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अनिमेषला कानात आवाज येऊ लागले. भिंतीपलीकडची माणसं आपल्याबद्दलच बोलतात, अशी त्याची खात्रीच झाली. औषधांनी आवाज मंदावले, पण माधवीताईंचं विचारणं काही मंदावेना. झोपलास का, गोळी घेतलीस का, काही ऐकू येतंय का.

मग डॉक्टरांनी देवेशशी गाठ घालून दिली. देवेश दापोड्याचा, तिथल्या गोदामात कामाला. काही वर्षांपूर्वी याच आजारातून गेलेला. दर शनिवारी तो घरी यायचा आणि अनिमेषला धामणकर नाक्यावर चहाला न्यायचा. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, तर बिघडायच्या आत आपलं आपण कसं ओळखायचं, कुणाला सांगायचं, हे दोघांनी चहावर ठरवलं. त्या इशाऱ्याला नाव अनिमेषनं दिलं. तार तुटली.

"काकी, तुमी इचारू नका. त्यो सांगंल," देवेश म्हणाला. "माझी आय इचारून दमली, आन मी खोटं बोलून."

"आणि नाही सांगितलं तर?"

देवेशनं मान खाजवली. "भ्या तर हायेच, काकी."

एका शनिवारी देवेश आलाच नाही, त्याचा फोन आला. अनिमेषनं ऐकून घेतलं आणि चपला शोधू लागला.

"देवेशदादाची तार तुटलीय. झोपच नाहीये त्याला. डॉक्टरांकडे जायचंय, पण एकट्यानं रिक्षात बसवत नाही म्हणतो. मी जातो सोबत."

माधवीताई उठल्या. ज्याच्या भरवशावर पोराला सोडलं, त्याचीच ही गत. आणि अनिमेष तरी आजारपणापासून कुठं एकटा गेला होता? त्यांनी एका पायात चप्पल सरकवली.

"मी पण येते."

"तू आलीस की त्याला शहाण्यासारखं बसावं लागेल, आई. माझ्यापुढं नाही लागत."

 'गोळी' हा शब्द माधवीताईंच्या ओठांपर्यंत आला होता, तो त्यांनी गिळला. मग पायातली चप्पल काढून भिंतीकडे सारली.

"जा," म्हणाल्या. "त्याला जेवायला घेऊन ये."

अनिमेष जिना उतरत फोनवर बोलत होता. "दादा, निघालोय. मी येईपर्यंत लूम बंद ठेव."

माधवीताई दारातच थांबल्या. कितीतरी वर्षांनी त्यांना अनिमेषचा तो लहानपणीचा, शेडच्या दारातला आवाज ऐकू आला होता.