पुन्हा अविवाहित

विरारच्या बोळिंज भागात लतिका वेंगुर्लेकर वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. मंडळ म्हणजे त्या स्वतः, फ्लॅटचा हॉल आणि २००१ साली घेतलेला कॉम्प्युटर. त्याच्यावर क्रोशाचं कव्हर असायचं, कारण धूळ हा त्याचा एकमेव शत्रू, असं त्यांचं मत. मंडळाचं यश शंभर टक्के होतं. मोजायची पद्धत सोपी होती: लग्न लागलं की नावापुढे 'जमले' लिहायचं आणि त्या घरी पुन्हा फोन करायचा नाही.

बॅकअपच्या बाबतीत बाई फार शिस्तीच्या. रोज दुपारी सगळ्या स्थळांची प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. फोल्डर त्याच हार्ड डिस्कवर होतं. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच, पण अगदी नेमाने.

२००४च्या ऐन लग्नसराईत वीज जात-येत राहिली आणि डिस्क टकटक करून कायमची गप्प झाली. कॉम्प्युटर विकणारा फर्डिनंड आला, पेटी उघडली आणि म्हणाला, "गेली, काकू."

बाईंनी निर्धास्तपणे सांगितलं, की बॅकअप आहे. कुठे, असं त्याने विचारलं. त्यांनी गेलेल्या डिस्ककडे बोट दाखवलं. फर्डिनंडने चहा संपवला आणि पेटी बंद केली.

नशिबाने त्याच्या घरी एक सीडी निघाली, पहिल्या वर्षी त्यानेच काढून ठेवलेली. नवी डिस्क बसली, माहिती चढली आणि मंडळ पुन्हा उभं राहिलं, तीन वर्षं मागे. मधल्या काळात लग्न झालेले सगळे एका क्लिकसरशी अविवाहित झाले. वयं आकड्यांत टाईप केलेली असल्याने मुली तीन वर्षांनी लहान झाल्या. त्याबद्दल मात्र एकाही घरातून तक्रार आली नाही.

तक्रार आली ती एव्हरशाईन सिटीतून. एका वधूपित्याने कौस्तुभ नावाच्या मुलासाठी फोन केला, तो कौस्तुभच्या बायकोने घेतला. तिने मुलीची उंची, शिक्षण नीट विचारून घेतलं आणि मग लतिकाबाईंना फोन लावला. ती काय बोलली ते बाईंनी कुणालाच सांगितलं नाही.

आता त्यांना प्रत्येक घरी विचारणं भाग होतं. मंडळानेच लग्न जमवलेल्या अश्लेषाच्या माहेरी फोन लावला तर उचलला तिनेच. बाईंनी लाडाने विचारलं, माहेरपणाला आलीस का.

"इथेच असते, काकू. कोर्टाचा निकालही लागला."

'थोडं सांभाळून घ्यावं' हे वाक्य बाईंच्या जिभेवर कायम तयार असे. या वेळी ते सुचलं नाही. तुझं नाव चुकून यादीत आलंय, खोडते, एवढंच त्या पुटपुटल्या.

"राहू द्या. फक्त या वेळी आधी मुलगा बघून या. मागच्या वेळी तुम्ही गेला नव्हतात."

मग बाई पहिल्यांदाच मुलगा बघायला गेल्या, सातिवलीला, त्याच्या कारखान्यात. कामगारांशी तो ज्या भाषेत बोलत होता ती ऐकून चहाला न थांबता परतल्या आणि ते स्थळ यादीतून काढलं. पुढची दोन स्थळंही त्यांनी तशीच नाकारली.

शेवटी अश्लेषाने ऑफिसातल्या सहकाऱ्याशी स्वतःच लग्न ठरवलं आणि बाईंना आग्रहाने बोलावलं. बाईंना मनापासून आनंद झाला. पंगतीत शेजारणीला त्यांनी हळूच सांगितलं, की मुलगा आपणच पारखून दिलाय.