दहा भाते आणि एक शेषाद्री

आमचं आडनाव दहीभाते आहे आणि त्यात हसण्यासारखं काहीही नाही.

(हसलात ना? चालायचंच.) शाळेत मी डबा उघडायच्या आधीच अख्ख्या वर्गाला आत काय असणार ते ठाऊक असायचं. आई बिचारी रोज पोळीभाजी द्यायची, पण तिच्या पोळीभाजीवर कुणाचा विश्वास नव्हता. नोकरीला लागलो तर पहिल्याच दिवशी कँटीनवाल्याने नाव विचारलं, ऐकलं आणि म्हणाला, "ते मिळेल, पण जेवण म्हणून काय देऊ?" त्या दिवशी मी दोन प्रतिज्ञा केल्या. जन्मात दहीभाताला शिवणार नाही. आणि या आडनावाला असा काही इतिहास मिळवून देईन की हसणाऱ्यांचे दात घशात जातील!

दिला मिळवून! 'दहीभाते' हे मूळचं 'दहाभाते'. आमचा मूळपुरुष पाठीवर बाणांचे दहा भाते बांधून लढाईला जात असे. कुठल्या लढाईला, हे विचारणारा इतिहासकार मला अजून भेटलेला नाही. दहा भाते पाठीवर घेतल्यावर तो माणूस चालायचा की रांगायचा, एवढं फक्त आमच्या नीताने विचारलं. (बायको. इतिहासाचं अंग नाही.) आमची आत्या या आडनावाची निराळीच हकिगत सांगायची, पण आत्याचं काय मनावर घ्यायचं!

एकदा स्वतःच्या आडनावाचं इतकं भलं केल्यावर मी इतरांच्या आडनावांकडे वळलो. मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत माझ्या तावडीतून एकही बिऱ्हाड सुटलं नाही. गावावरून पडलेली आडनावं, हुद्द्यावरून पडलेली, धंद्यावरून पडलेली. डोंबिवली संपली तेव्हा मी परदेशात शिरलो. इंग्रजांचा स्मिथ म्हणजे आपला लोहार. चिनी माणूस आडनाव आधी लावतो आणि नाव मागून. स्पेनमध्ये बापाचं आणि आईचं, दोन्ही आडनावं लावतात. आणि आइसलँडमध्ये तर आडनाव हा प्रकारच नाही, बापाचं नावच पोराच्या मागे लागतं! आमचा वॉचमन भोईर तर मी गेटजवळ दिसलो की बंद मोबाइल कानाला लावून "हां बोल, हां बोल" करायला लागतो. गेल्या दिवाळीत मी त्याला आइसलँड सांगितलं होतं, तेव्हापासून.

अशा या विद्वानाच्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी ठरली.

मुलगा मुग्धाच्या ऑफिसातला. कार्तिक वैद्यनाथन. ठाण्यात वाढलेला, मराठी आपल्यासारखंच बोलणारा, मुलगा म्हणून लाख माणूस. नाव ऐकताच मी टाळी वाजवली.

"वैद्यनाथन! वैद्य, त्यांचा नाथ. अगं नीता, राजवैद्याचं घराणं आहे हे!"

"बाबा," मुग्धा म्हणाली, "रविवारी ते लोक येतायत. आई-बाबा तयार आहेत, पण त्याचे मोठे काका अजून हो म्हणालेले नाहीत. त्या घरात काकांचा शब्द शेवटचा असतो. ते माणसं बघणार आणि मग ठरवणार. प्लीज, आडनावांवर एक अक्षर नको."

"एक अक्षर बोलणार नाही."

"आइसलँड नको."

"नाही म्हटलं ना!"

"आणि दहा भाते तर अजिबात नकोत!"

मी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. शपथेच्या बदल्यात स्वयंपाकघरात माझी एक अट मान्य करून घेतली. श्रीखंड करा, वडे करा, काय हवं ते करा, दहीभात मात्र ताटात दिसता कामा नये. दहीभात्यांच्या घरी दहीभात! व्याही काय म्हणतील?

रविवार उजाडला. आदल्याच आठवड्यात एक पाण्याचे फिल्टर विकणारा इसम गोड बोलून घरात शिरला होता आणि आमच्या नळाचं पाणी किती घाणेरडं आहे यावर व्याख्यान देऊन गेला होता. म्हणून मी खाली जाऊन भोईरला बजावलं, "आज पाहुणे येणार आहेत. वैद्यनाथन नाव. वैद्यनाथन सोडून कोणालाही वर सोडायचं नाही. काय?"

"वैद्यनाथन," भोईर म्हणाला आणि मी पुढे काही बोलायच्या आत त्याने मोबाइल कानाला लावला.

ठरलेल्या वेळी कार्तिकचा फोन आला. "काका, शीळफाट्याला अडकलोय. जरा उशीर होईल." (डोंबिवलीत उशिराला एवढं एकच कारण पुरतं. कोणी पुरावा मागत नाही.) फोन ठेवतोय तोच इंटरकॉम वाजला.

"साहेब, तुमच्याकडे एक जण आलेत."

"वैद्यनाथन?"

"नाय. शेषाद्री म्हणतात."

"कोण शेषाद्री? मी काय सांगितलं होतं?"

"म्हणून तर विचारतोय. वयस्कर आहेत. हातात पिशवी आहे, त्यात स्टीलचं काहीतरी. काय आहे विचारलं तर फिल्टर म्हणाले."

माझ्या डोक्यात सणक गेली. आता म्हाताऱ्या माणसांना पाठवायला लागले!

"भोईर, त्यांना सांग, शेषाद्री नावाच्या कोणालाही आम्ही ओळखत नाही आणि ओळखायची इच्छाही नाही. फिल्टर घेऊन परत जा म्हणावं!"

"साहेब, ते विकायला आलेले दिसत नाहीत—"

"परत पाठव!"

मी विजयी चेहऱ्याने इंटरकॉम ठेवला. नीताने आतून विचारलं, "अहो, कोण होतं?"

"विक्रेता. हाकलला!"

पुढे वैद्यनाथन मंडळी आली. कार्तिक, त्याची आई आणि वडील. वडील शांत, हसतमुख. बसल्या बसल्या त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "अण्णा नाही आले अजून? माझा मोठा भाऊ. कल्याणहून परस्पर येणार होता."

"येतील, येतील," मी म्हणालो. "आपण मोबाइल लावून बघा ना."

"तो मोबाइल घरी ठेवतो. बाहेर नेला की चोरीला जातो म्हणतो."

मग सगळे काकांची वाट बघत बसलो. वाट बघताना माणूस काहीतरी बोलणारच. मी आडनावांवर बोललो नाही. मी फक्त तब्येतीवर बोललो.

"काय आहे वैद्यनाथन साहेब, माझा हा गुडघा दोन महिने कुरकुर करतोय. आता तुमच्यासारख्यांच्या घरात नाडीपरीक्षा परंपरेने आलेली असणार." आणि मी मनगट त्यांच्यासमोर धरलं!

त्यांनी ते मनगट जरा वेळ पाहिलं. मग माणूस सभ्य असल्यामुळे हातात घेतलं. "मी पंपांचा इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "पाणीपुरवठ्याच्या. नाडी चालू आहे एवढं सांगू शकतो."

मुग्धाने डोळे मिटून घेतले. कार्तिक पाण्याच्या पेल्यात पाहू लागला. आता विषय बदलणं भाग होतं, आणि घाईत विषय बदलताना माणूस स्वतःच्या सगळ्यात लाडक्या विषयावर जाऊन आदळतो.

"बरं का, जग मोठं गमतीशीर आहे. आता आइसलँडचंच घ्या."

"बाबा!"

"अगं, भूगोल सांगतोय! तिथे आडनावच नसतं. बापाचं नाव पोराच्या मागे. म्हणजे बापाला आजोबाचं नाव आणि पोराला बापाचं. एका घरात तीन पिढ्या, तीन नावं! सख्खा काका दारात आला तर वॉचमनने ओळखायचं तरी कसं? कसला हा कारभार!"

मी एकटाच हसलो.

"आमच्याकडे तसंच असतं," वैद्यनाथन म्हणाले.

"कुठे, आइसलँडला?"

"तमिळ लोकांत. वैद्यनाथन हे माझं आडनाव नाही, माझं नाव आहे. कार्तिक माझा मुलगा म्हणून कार्तिक वैद्यनाथन. माझे वडील रामस्वामी, म्हणून मी आर. वैद्यनाथन. आणि माझा भाऊही आर."

"आर. काय?" मी विचारलं. विचारतानाच माझी नजर इंटरकॉमकडे गेली.

"आर. शेषाद्री."

स्वयंपाकघरात नीताच्या हातून झारा पडला. तिने "विक्रेता. हाकलला!" ऐकलेलं होतं. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. जन्मापासून ती मला ओळखते, त्यामुळे तिला काही विचारावंच लागलं नाही.

"बाबा, काय केलंत?"

"त्यांच्याकडे फिल्टर होता!" मी ओरडलो.

"कॉफीचा," कार्तिकची आई म्हणाली. "मुग्धासाठी. कालच जाऊन घेतला त्यांनी."

जगभरातल्या आडनावांचा अभ्यासक तो मी! आइसलँडच्या चालीरीती पाठ, आणि दोन पिढ्या आपल्या शेजारी राहणाऱ्या तमिळ माणसाला नाव कसं लावतात याचा पत्ता नाही! गुडघा विसरून मी जिना उतरलो. (लिफ्टसाठी थांबलो असतो तर मुग्धाशी बोलावं लागलं असतं.)

"भोईर! ते शेषाद्री कुठे गेले?"

"कुठे जाणार! रागाने काही बोलले नाहीत, हसले पण नाहीत. आज रविवार, रिक्षा कमी. ते बघा, अजून लायनीत."

स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या लाइनीत एक ताठ म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढराशुभ्र शर्ट आणि छातीशी धरलेली पिशवी. त्यांच्यापुढे दोनच माणसं उरली होती. मी धावत जाऊन त्यांच्याजवळ घुसलो.

"ओ काका, लाइन लाइन!" मागून आवाज आला. "मागे चला!"

"अहो, मला रिक्षा नकोय!"

"सगळे असंच बोलतात!"

"शेषाद्री साहेब, माफ करा. चूक झाली. मोठी चूक झाली. मी... मी तो वरचा. इंटरकॉमवरचा!"

शेषाद्रींनी मला आपादमस्तक पाहिलं. "मला ओळखायची तुमची इच्छा नाही, असं कळलं." त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ निघालं, हा आणखी एक फटका.

"मी आडनावं चुकीची लावली हो! वैद्यनाथन म्हणजे अख्खं घराणं असं समजलो. मी शेषाद्री या नावाला हाकलायला सांगितलं, माणसाला नाही! पोरीला यात काडीची अक्कल नाही... म्हणजे तिला पुष्कळ आहे, यात तिचा काही दोष नाही!"

रिक्षा आली. पुढची दोन्ही माणसं बसली.

"माझ्या नावाची तुम्हाला एवढी अडचण झाली," शेषाद्री म्हणाले, "तर तुमचं नाव काय?"

"दहीभाते."

"अर्थ?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न! मी छाती पुढे काढली. "त्याचं असं आहे, आमचा मूळपुरुष दहा—"

"काका, बसताय का?" रिक्षावाल्याने विचारलं. शेषाद्रींनी एक पाय उचलला. आता लढाई, बाण, भाते, काही काही वेळेत बसणार नव्हतं.

"दहीभात!" मी किंचाळलो. "साधा दहीभात! गावजेवणाची पंगत होती. लाडू, जिलब्या, सगळं वाढत होते आणि आमचे पणजोबा पानावर हात आडवा धरून बसले. मला फक्त दहीभात द्या म्हणून! सगळं गाव विनवत होतं, पण ऐकेनात. तेव्हापासून गावाने आम्हाला दहीभाते केलं. आत्या सांगायची. हेच खरं आहे!"

सगळी लाइन हसली. रिक्षावाला हसला. मघाशी मला मागे व्हायला सांगणारा तर पोट धरून हसला. शेषाद्री मात्र हसले नाहीत. उचललेला पाय त्यांनी हळूच खाली ठेवला.

"जिलबी नको म्हणाले?"

"नको म्हणाले."

"त्या माणसाला भेटायला मला आवडलं असतं," शेषाद्री गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडे शेवटी दहीभात वाढला नाही तर जेवण झालं असं कोणी मानत नाही. चला. तुमच्या घराण्याचा दहीभात खाऊन बघू."

ते लाइनीतून बाहेर पडले. माझा आनंद जिन्यापर्यंत टिकला. जिन्यात आठवलं की घरात श्रीखंड आहे, वडे आहेत, आणि दहीभाताला मी स्वतः बंदी घातलेली आहे! प्रत्येक पायरीवर मी कारणं जुळवत होतो. दूध नासलं. दही लागलंच नाही. मांजर आलं. (तिसऱ्या मजल्यावर.)

ताटं मांडली. शेषाद्रींनी पहिला वडा खाल्ला, दुसरा खाल्ला, श्रीखंडाला मान डोलावली, आणि मग हात थांबवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. मी मांजरापासून सुरुवात करणार, तोच नीता आतून पातेलं घेऊन आली. वर कढीपत्त्याची फोडणी, मिरची, बारीक चिरलेलं आलं.

"तू कधी केलास?" मी कुजबुजलो.

"पाहुणे कोण येणार ते ऐकलं तेव्हाच ठरवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या अटी ऐकून घ्यायच्या असतात, पाळायच्या नसतात."

शेषाद्रींनी दोनदा वाढून घेतला. मग माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. "आणि दहीभाते?"

मुग्धा माझ्याकडे बघत होती. सगळी प्रतिज्ञा माझ्या डोळ्यांसमोरून गेली, वर्ग गेला, कँटीनवाला गेला. मी घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा मागून घेतला! काय सांगू, इतकी वर्षं मी एका उत्तम पदार्थाशी भांडत होतो.

हात धुऊन शेषाद्रींनी पिशवीतला फिल्टर काढून मुग्धाच्या हातात दिला. "लग्नानंतर तू कुठलं नाव लावणार?"

"आत्ता आहे तेच," मुग्धा म्हणाली. "मुग्धा दहीभाते."

"बदलू नकोस," शेषाद्री म्हणाले. "चांगलं आहे. पोटभर आहे." आणि त्यांचा होकार झाला.

लग्न थाटात पार पडलं. मागच्या महिन्यात शेषाद्रींनी मला आणि मुग्धाला कल्याणला जेवायला बोलावलं. त्यांच्या गेटवर एक तरुण वॉचमन होता. मी नाव सांगितलं, तो फिसकन हसला, आणि मला राहवेना. मी त्याला पहिल्या भात्यापासून सुरुवात केली. सहाव्या भात्याला त्याने सुटका म्हणून इंटरकॉम उचलला.

"साहेब म्हणतात," तो ऐकून म्हणाला, "दहीभाते नावाच्या कोणालाही ते ओळखत नाहीत आणि ओळखायची इच्छाही नाही."

रिसीव्हरमधून शेषाद्रींचं हसणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. मुग्धाचंही. उन्हात उभा राहून मी थोडा विचार केला आणि जगातल्या कुठल्याच देशाच्या पद्धतीत न बसणारं माझं नवं नाव सांगितलं.

"सांग, मुग्धाचे बाबा आलेत."

गेट तत्काळ उघडलं.

"असं आधी सांगायचं ना काका," वॉचमन म्हणाला. "उगाच ते दहा भाते घेऊन उन्हात उभे राहिलात!"