शून्य गळती

“शून्य? पक्का शून्य?” शहा सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“दोन तास ॲसिडमध्ये. शून्य,” मी म्हटलं.

“मॅडम, क्लायंट को यही चाहिए था!” ते खूश होऊन गेले. क्लायंट, म्हणजे आम्हाला हे काम देणारी औषध कंपनी, सोमवारी येणार होता.

भाईंदर ईस्टच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची लॅब आहे, मालक शहा सर. मी फॉर्म्युलेशन बघते, म्हणजे औषध शरीरात कसं पोचवायचं ते. तेव्हा काम होतं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गोळीचं. नेहमीची गोळी पोटात विरघळते, औषध रक्तातून सगळीकडे फिरतं आणि निरोगी पेशींनाही मारतं. आम्ही ते केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट बारीक कणांत भरलं होतं. त्यांना नॅनो कण म्हणतात. वरचं कोटिंग पोटातल्या ॲसिडमध्ये टिकावं आणि मोठ्या आतड्यात विरघळावं, एवढीच अपेक्षा.

टेस्ट करायचा पास्कल. उत्तनच्या कोळीवाड्यातला, बारा वर्षं लॅबमध्ये. त्याच्या आईला हाच आजार होता. नेहमीच्या गोळ्यांनी तिच्या तळहाताची सालं निघत होती. मिठात हात घालता येत नव्हता, त्यामुळे मासळी सुकवणं बंद.

“मॅडम, आपली गोळी थेट आतड्यात जानार. मग आईचे हात वाचतील?” त्याने एकदा विचारलं होतं.

“वाचावेत. पण अजून उंदरालाही दिलेली नाही.”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला आणि काचेची भांडी धुवायला लागला.

शुक्रवारी दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, शून्य बरोबर वाटत न्हाय.”

“का?”

“सा भांडी, तीन बॅच. कुठंच जरापन गळत न्हाय? असं कधी झालंय?”

झालं नव्हतं. टेस्टमध्ये ॲसिडचा नमुना आम्ही फिल्टरमधून गाळतो. कण वर अडतात, सुटं झालेलं औषध खाली येतं, ते मशीन मोजतं. नेहमीचे फिल्टर मिळेनात म्हणून दुसऱ्या मटेरियलचे आणले होते. पास्कलने कण न घालता, पाण्यात थोडंसं औषध विरघळवून तेच गाळलं होतं. खाली काहीच आलं नाही. थोडं औषध असलं की फिल्टरच ते धरून ठेवत होता.

जुन्या प्रकारचे फिल्टर दुसऱ्या लॅबकडून मागून आणले आणि शनिवारी टेस्ट परत लावली. जवळजवळ सातवा हिस्सा औषध पोटातच सुटत होतं.

शहा सरांनी आकडे बघितले. “फिल्टरचं क्लायंटला कशाला सांगायचं? कोटिंग नंतर सुधारू.”

“मग रिपोर्टवर सही तुम्ही करा.”

त्यांनी पास्कलकडे पाहिलं. “तुझी आई आजारी आहे ना? प्रोजेक्ट बंद पडला तर?”

“पडू दे,” पास्कल म्हणाला. “ही गोळी पोटातच फुटते. आईला असलीच खायला घालू?”

सर कागद टेबलावर ठेवून केबिनमध्ये गेले.

सोमवारी मी दोन्ही आकडे टेबलावर ठेवले. क्लायंटच्या बाईंनी ते शांतपणे वाचले.

“चूक कोणी पकडली?”

मी पास्कलला बोलावलं. त्यांनी त्याला दहा मिनिटं प्रश्न विचारले. मग सरांना म्हणाल्या, “हे सगळं आम्ही आमच्या लॅबमध्ये परत करणारच होतो. तुम्ही शून्य सांगितलं असतं आणि तिथे ते आलं नसतं, तर त्याच दिवशी काम काढून घेतलं असतं.”

कोटिंगसाठी चार महिने वाढवून मिळाले. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

कोटिंगचा दुसरा थर दिल्यावर गळती अगदी थोडी उरली. शून्य नाही. आता उंदरांवर काम चालू आहे. पास्कलच्या आईचे उपचार जुन्याच गोळ्यांवर पुरे झाले. हात बरे होताहेत, तपासण्या चालू आहेत. आमची गोळी तिच्या कामाला आली नाही, येणारही नव्हती.

नवीन औषधाला इतकी वर्षं का लागतात, असं लोक विचारतात. बराचसा वेळ शोध लावण्यात जात नाही. आपल्याला हवं तेच उत्तर आलं, तर ते खरं आहे का, हे बघण्यात जातो.