डावरीची शिलाई

डावरीच्या पोरीला निधी मिळाला तेव्हा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. पोटात इतकं दुखत होतं की हातांना काहीतरी काम देणं भाग होतं.

आमचा कारखाना पुस्तकबांधणीचा. एक लांब टेबल, दोन्ही बाजूंना मिळून बावीस बायका, भिंतीला पुस्तकं दाबायचं यंत्र आणि सगळीकडे सरसाचा वास. तो वास घरी जाऊन अंघोळ केली तरी जात नाही. मला सगळ्या कात्री म्हणतात. मी कागद कापत नाही, शिवते; तेव्हा हे नाव तोंडावरून पडलंय हे उघड आहे.

डावरी अकरा वर्षांपूर्वी आली. पोरगी सहा वर्षांची असताना नवरा गेला. मेला नाही, नुसता गेला. पहिल्या दिवशी थोरल्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुकादम बाईंनी, तिच्या उजव्या हातात सुई दिली. तिने दोन पानं फाडली आणि रडवेली झाली. बाई म्हणाल्या, "अगं, कोणत्या हाताने जेवतेस ते विचारत नाहीये मी. ज्या हाताने जमेल त्या हाताने शिव." मग तिने सुई डावीकडे घेतली, आणि माझ्या आयुष्यातली शांतता संपली.

तोवर इथे शिलाई म्हटलं की माझं नाव निघायचं. पानांच्या जुड्या एकावर एक ठेवून शिवायच्या, आणि प्रत्येक जुडीच्या टोकाला खालच्या जुडीत दोरा अडकवून गाठ मारायची, हे काम मी डोळे मिटून करायचे. डावरी आल्यावर महिनाभरात गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मागच्या वेळी उलट्या टाक्याची शिलाई होती, ती बाई आहे का?" कारण आमचे टाके उजवीकडे कलतात, तिचे डावीकडे. पुस्तक उघडून मधला दोरा पाहिला की कोणीही सांगेल. तिला बसवली ती नेमकी माझ्यासमोर. ती सुई ओवते तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघते.

आता निधीचं सांगते. थोरल्या बाईंनी चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, पण त्यांना एकही वाचता येत नाही. याची त्यांना चीड होती. म्हणून त्यांनी नियम घातला: प्रत्येकीने महिन्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची आणि त्यातून दरवर्षी आपल्यातल्या एकीच्या मुलीला दहावी-बारावीच्या पुढचं शिकवायचं. फी निधीची, पुस्तकंही निधीची. मुलगी कोणती, ते हात वर करून ठरवायचं. आणि बाजारातली जाड पुस्तकं नुसती चिकटवलेली असतात, वर्षभरात पानं हातात येतात, म्हणून ती उसवून इथे नव्याने शिवायची. पण ती शिवायची कोणी? जिच्या मुलीला मिळालं तिने हात लावायचा नाही. जिच्या मुलीचं हुकलं तिने शिवायची. बाईंचं म्हणणं, त्याने मनातली अढी जाते.

बाईंना मुलगी नव्हती, म्हणून असलं काहीतरी सुचलं.

त्या वर्षी दोन अर्ज होते. डावरीच्या पोरीचा आणि माझ्या धाकटीचा, दोन्ही परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी. माझ्या धाकटीला चार गुण जास्त होते. तरी, आम्ही दोघी आया सोडून, अकरा हात तिच्या बाजूने आणि नऊ आमच्या. "तिचं कोणी नाही गं," असं म्हणत त्या अकरा जणींनी माझ्याकडे पाहिलं. आमचे हे दिवसभर खाटेवर पडून असतात, पण ते आहेत ना! असले की झालं.

धाकटी दुसऱ्या सोमवारपासून माझ्या शेजारी पानांच्या घड्या घालायला बसली. अठरा वर्षांची पोर. पहिल्या आठवड्यात तिच्या बोटांना कागदाने चिरा पडल्या, तिसऱ्या आठवड्यात पडेनाशा झाल्या. त्या चिरा बंद झाल्या त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. ज्यांची बोटं सरावतात त्या इथून उठत नाहीत, मी त्यांतलीच.

आणि माझ्यासमोर पाच पुस्तकं आली. चार मी नीट शिवली. पाचवं शरीररचनेचं, सगळ्यांत जाड. पहिल्या पानावर डावरीच्या पोरीने ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव घातलं होतं. ते पाहून माझं डोकंच फिरलं. दोऱ्याला मेण लावलं नाही. टाके लांब लांब घातले. आणि टोकाच्या गाठी मारल्याच नाहीत, एकही. वरून सरस, कापड, पुठ्ठा. बाहेरून पाहाल तर दृष्ट लागावी असं पुस्तक. चार महिन्यांत पानं गळणार होती.

निधीचं पुस्तक कोणी बिघडवलं तर त्या घरचा अर्ज पाच वर्षं घ्यायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. त्याच्याकडे पाठ करूनच मी शिवत होते. आमचा अर्ज पुन्हा जाणारच नाही, असं मी रागाने घरी सांगून टाकलं होतं.

चार महिने गेले, सहा गेले. डावरी रोज समोर. डबा उघडला की आधी माझ्यापुढे करायची. मी विचारायचे, "पोरीचं कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय." पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही. मला कळेना. माझी मुद्दाम केलेली वाईट शिलाईसुद्धा चांगली निघते की काय, अशी घमेंडही एकदा मनात येऊन गेली.

वर्ष संपलं. धाकटीने मला न विचारता अर्ज भरला. "तू रागावणार होतीस, म्हणून सांगितलं नाही," म्हणाली. मी रागावले नाही, घाबरले. कारण हात वर करण्याआधी मागच्या वर्षीची पुस्तकं परत येतात, पुढच्या मुलीला द्यायला, आणि थोरल्या बाई ती तपासतात.

बाईंना आता नीट दिसत नाही. त्या पुस्तक मधोमध उघडतात, दोन्ही बाजू धरतात आणि ओढतात. चार पुस्तकं ओढून झाली. मग पाचवं हातात घेतलं. धाकटी माझ्या शेजारी ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून. बाईंनी ओढलं. पुन्हा ओढलं. "मजबूत," म्हणाल्या आणि खाली ठेवलं.

मग हात वर झाले. दुसरा अर्ज सरसवालीच्या मुलीचा होता. नऊ हात इकडे, नऊ तिकडे, आणि एक जण त्या दिवशी आलीच नव्हती. अशा वेळी शब्द मागच्या वर्षीच्या आईचा, म्हणजे डावरीचा. ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, "कात्रीची पोरगी. वर्षभर घड्या घातल्यात तिने, आता पुरे." धाकटी माझ्या गळ्यात पडली आणि मला रडूच फुटलं.

दुपारी सगळ्या जेवायला उठल्या तेव्हा मी ते जाड पुस्तक पुढे ओढलं. पुठ्ठ्यावर बादलीच्या बुडाएवढा गोल वण उठला होता. घरी दाबायचं यंत्र कुठून असणार? पाण्याने भरलेली बादली ठेवली असेल. पुस्तक मध्ये उघडलं. मेण लावलेला दोरा, बारीक टाके, सगळे डावीकडे कललेले. टोकाला नखाने चाचपून पाहिलं. एकूण एक गाठ जागेवर होती.

डावरी समोर बसली होती. ती जेवायला उठलीच नव्हती.

"गाठी मी मारल्या नव्हत्या," मी म्हणाले.

"माहीत आहे. दुसऱ्याच महिन्यात पानं सुटली. पोरगी रडत आली होती."

"मग बोलली का नाहीस? बाईंना सांगायचंस."

"सांगितलं असतं तर पाच वर्षं तुझ्या पोरीचा अर्ज घेतला नसता." तिने पुढची जुडी ओढली. "तिने काय केलं होतं?"

तिच्या पोरीचे पैसे, तिची गिऱ्हाइकं, या सगळ्याचा हेवा मी उद्या विसरेनही. पण वर्षभर माझ्यासमोर बसून, मला रोज डबा देऊन, हे पोटात ठेवायचं? मला एक दिवससुद्धा जमलं नसतं. त्याने मी जितकी जळले तितकी निधीने जळले नव्हते.

डावरीने डाव्या हाताने सुई उचलली आणि दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. या वेळी मी बघत राहिले. मग माझी सुई घेतली, दोरा तोंडात ओला केला. तिसऱ्या खेपेलाही तो गेला नाही, तेव्हा तिने हात पुढे केला आणि मी सुई तिच्याकडे दिली.